टाकीचा सुधारित आराखडा

माझ्या मुलीच्या कोळंब्या माझ्या हातून मेल्या, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे हसू आलंच, तर बेतानं हसावं एवढीच विनंती आहे. कोळंबी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे ताट येतं त्यांच्यासाठी खुलासा असा, की या खायच्या कोळंब्या नव्हेत. नखाएवढ्या, लालभडक, गोड्या पाण्यातल्या. दिवसभर बारीक पायांनी काहीतरी अदृश्य वेचत असतात आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. अशा चाळीसएक जीवांचा संसार मोडायला माझ्यासारखा सुशिक्षित, निर्व्यसनी माणूसच लागतो.

मुलगी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली तेव्हा दीड फुटाची ती काचेची टाकी तिनं माझ्या स्वाधीन केली. तिच्या आईच्या नव्हे, माझ्या. मला याचा किती अभिमान वाटला हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आता सांगायला तोंड नाही. टाकीच्या कडेला तिनं एक कागद चिकटवला होता. एक दिवसाआड चिमूटभर खाणं घालायचं. पाणी आटलं तर बादलीत दोन दिवस ठेवलेलंच पाणी घालायचं. मागची काच पुसायची नाही. बाकी काही करायचं नाही. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. मी नकाशा कचेरीत तेवीस वर्षं आरेखक आहे. दुहेरी रेघ कशासाठी ओढतात हे मला कुणी शिकवायला नको.

त्या रेघांना आमच्या घरात इतिहास आहे. ती चौथीत असताना तिनं शाळेसाठी मातीचं एक बेट केलं होतं. एक डोंगर, एक झोपडी आणि एक नदी. नदी डोंगरावर चढत होती. तेवढी नदी खाली उतरवून देतो म्हणून मी बसलो आणि उठलो तेव्हा बेटाला बंदर, दीपगृह आणि दिशादर्शक बाण झाला होता. बेटाचा पहिला नंबर आला. ते प्रशस्तिपत्रक तिनं घरी आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं आलंय." पोरगी किती विनोदी आहे, हे मी पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होतो.

तरी या वेळी अडीच महिने मी शिस्तीत काढले. चिमूट म्हणजे चिमूट. बादली म्हणजे बादली. मग एक दिवस कचेरीतले साहेब काही कागदावर माझी सही घ्यायला घरी आले, चहा घेता घेता त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "ही रिकामी करून ठेवलीय का?"

आता खरं सांगायचं तर साहेबांचा फार दोष नव्हता. टाकीच्या मधोमध हिरव्या मॉसचा एक गुंताडा होता, न विंचरलेल्या डोक्यासारखा. शेजारी एक वाकडं लाकूड, तीन दगड, आणि भोकं पडलेल्या पानांचं एक झाड, तेही कलतं. मागच्या काचेवर शेवाळाचा थर. कोळंब्या त्या गुंताड्यात शिरल्या की बाहेरच्याला फक्त गुंताडाच दिसायचा. ज्या माणसाच्या हातचे नकाशे वर्षानुवर्षं भिंतीवर लावले जातात, त्याच्या बैठकीच्या खोलीत हा असला प्रदेश असावा, हे मला लागलं. साहेब गेल्यावर मी टाकीची मापं घेतली.

मुलगी पंधरवड्यानं दोन दिवसांच्या रजेवर येणार होती. तोवर टाकीचं रूप पालटायचं आणि तिला चकित करायचं असं मी ठरवलं. कागदावरची शेवटची ओळ मी विसरलो नव्हतो. ती ओळ म्हणजे सामान्य माणसासाठी असलेली सर्वसाधारण सूचना आहे, असा मी तिचा अर्थ लावला.

पाळीव माशांचं दुकान चालवणारा गृहस्थ मितभाषी आहे. पाण्यातल्या झाडांची चौकशी केली तर त्यानं उलट मलाच विचारलं, की टाकीत मॉस आहे ना, मग आणखी काय पाहिजे. झाडं आणलीच तर जाड खोडाची पुरायची नाहीत, लाकडाला बांधायची, आणि मॉसला हात लावायचा नाही, एवढं त्यानं दोनदा सांगितलं. दुकानात माल नसला की दुकानदार गिऱ्हाइकाला वैराग्य शिकवतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. मी मान डोलावली आणि बाहेर पडलो.

खालच्या मजल्यावरचे विमेवाले निवृत्त झाले आहेत, पण धोका हुंगायची सवय गेलेली नाही. टाकी फुटली तर पाणी कुणाच्या छतातून गळणार, यावर त्यांनी पाऊण तास घेतला आणि शेवटी झाडं नेहमी विषम संख्येत लावावीत असं सांगून गेले. समोरच्या वहिनी दर आठवड्याला येऊन "अजून मोठ्या झाल्या नाहीत का हो?" असं विचारायच्या. या खायच्या नाहीत म्हटलं तर "मग पाळता कशाला?" म्हणायच्या. त्यांचा सल्ला होता, की प्लास्टिकची झाडं आणावीत, महिन्यातून एकदा साबणानं धुतली की झालं. मी त्यांना मनातल्या मनात हसलो. आज मागे वळून पाहिलं तर सगळ्यांत निरुपद्रवी सल्ला त्यांचाच होता.

मी मात्र रीतसर आराखडा केला. निम्म्या प्रमाणात, शाईनं. मागे रिबिनीसारख्या लांब पानांची झाडं, मध्ये गडद हिरवी रुंद पानं, पुढे बुटकं गवत. सामूहिक फोटोत उंच माणसं मागे उभी करतात तसं. एक एक सेंटीमीटरवर समोच्च रेषा काढल्या. लाकूड डावीकडून तिसऱ्या हिश्शावर नेलं. कोपऱ्यात सूची आणि उत्तर दिशेचा बाणही काढला. कोळंब्यांना उत्तर दिशेचा काय उपयोग, असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. बाण नसला तर तो नकाशा होत नाही, चित्र होतं, असं मी सांगितलं. सूचीत कोळंब्यांसाठी चिन्ह नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

झाडं परगावच्या एका रोपवाटिकेतून मागवली. दुसऱ्याच दिवशी पार्सल आलं आणि पार्सल कचेरीत अडकलं. पिशवीवर 'जिवंत वनस्पती' असा शिक्का होता आणि जिवंत वनस्पतीला वेगळा अर्ज लागतो. अर्जात पहिला प्रश्न होता, लागवडीखालील जमिनीचं क्षेत्रफळ. मी दीड चौरस फूट लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि जमीन कुणाच्या नावावर आहे असं विचारलं. मी जन्मात खोटं बोललो नाही. मुलीच्या, म्हणालो. मग मुलीचं संमतीपत्र लागेल, असं त्या म्हणाल्या.

एखाद्या कचेरीनं मला कधी योग्य प्रश्न विचारला असेल तर तो हाच. पण तेव्हा मला ती शुद्ध अडवणूक वाटली. चकित करायचं म्हणजे संमती मागता येत नाही, हे त्या बाईंना पटेना. चार दिवस मी त्या खिडकीचे उंबरठे झिजवले. मध्ये दोन दिवस सुट्टीचे गेले, एक दिवस त्या बाई रजेवर होत्या, एक दिवस शिक्का रजेवर होता. शेवटी कुणीतरी सुचवलं, की मालक अज्ञान असेल तर पालकाची सही चालते. मी सव्वीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीच्या नावापुढे 'अज्ञान' असं लिहिलं आणि खाली पालक म्हणून झोकात सही केली. पार्सल नवव्या दिवशी, सुट्टी असूनही, घरपोच हातात पडलं.

आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली. पिशवीच्या आत एक चिठ्ठी होती. पानांवर कीडनाशक फवारलेलं आहे, कोळंबी असलेल्या टाकीत लावण्यापूर्वी झाडं पंधरा दिवस भिजत ठेवावीत आणि पाणी रोज बदलावं. मुलगी रविवारी येणार होती आणि त्या दिवशी रविवार होता. हातात सात दिवस, पाहिजेत पंधरा.

आमच्या खात्यात एक जुना, मानवी नियम आहे. बदली झाली की एका गावाहून दुसऱ्या गावी जायला लागलेले दिवस नोकरीतच धरले जातात. माणूस गाडीत बसून असला तरी सेवा चालू असते. मी हा नियम झाडांना लावला. नऊ दिवस ती ओल्या कागदात होती, पार्सल कचेरीच्या ताब्यात होती, त्यात त्यांचा काय दोष? नऊ धरले. चार दिवस मी त्यांना बादलीत भिजवलं. झाले तेरा. उरलेले दोन दिवस मी माझ्या अधिकारात माफ केले.

हिला हा हिशेब पटला नाही. "पिशवीत भिजली होती का ती?" तिनं विचारलं. ओलसर होती, म्हणालो. "ओलसर म्हणजे भिजलेलं नव्हे. डाग पडलेला शर्ट ओलसर ठेवून बघा, जातो का," असं म्हणून ती आत गेली. मी ते मनावर घेतलं नाही. प्रशासनातलं तिला काय कळतं, असंही मी म्हणालो असेन. म्हणालोच.

गुरुवारी कचेरीतून लवकर आलो आणि कामाला लागलो. आराखड्यात मॉसचा गुंताडा नव्हता, म्हणून तो उचलून केराच्या टोपलीत टाकला. मागची काच पुसली. चिमट्यानं एकेक रोप धरून वाळूत खोचलं. जाड खोडाचं झाडही आराखड्यात जमिनीत दाखवलेलं होतं, म्हणून ते जमिनीतच गेलं. कोळंब्या बिचाऱ्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होत्या. वस्ती हलवताना थोडी गैरसोय होतेच, असं मी त्यांना समजावलं. सहा वाजता दिवा लावला आणि खरं सांगतो, टाकी अप्रतिम दिसत होती. हिरव्याच्या पाच छटा, मधून वळत गेलेली पांढरी वाट, डावीकडे लाकूड. एवढं नेटकं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी टाकीचं रीतसर दर्शन ठेवलं. विमेवाल्यांनी झाडं मोजली, ती विषम भरली, त्यांना समाधान वाटलं. वहिनी म्हणाल्या, की अगदी प्लास्टिकची वाटतात. कोळंब्या पाण्याच्या वरच्या थरात एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. का हो, असं कुणीतरी विचारलं. तिथून देखावा चांगला दिसतो, असं मी म्हणालो आणि सगळे हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

शनिवारी सकाळी त्या खाली आल्या होत्या. गवतावर, वाटेवर, आडव्या. काही अजून पाय हलवत होत्या, पण वेचत काही नव्हत्या. मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं झाडं किती दिवस भिजवली असं विचारलं. नऊ अधिक चार, मी म्हणालो. "नऊ कुठले?" मी प्रवासाचे दिवस धरण्याचा नियम सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता माझाच आवाज बसत गेला. तो म्हणाला, "काका, औषध पानावर होतं. पिशवीत ते जाणार कुठं?"

त्यानं सांगितल्याप्रमाणे हलणाऱ्या कोळंब्या दोन दिवस ठेवलेल्या स्वच्छ बादलीतल्या पाण्यात काढल्या. सात होत्या. दुपारी तीन राहिल्या. मी पाटावर बसून होतो, ही मधूनच येऊन बघून जायची. चारच्या सुमारास मी निर्लज्जपणे पुन्हा फोन करून तशाच लाल चाळीस मिळतील का असं विचारलं. त्या पाण्यात त्याही मरतील, एवढंच तो म्हणाला. पाचला बादलीत कुणीच हलत नव्हतं. मी एकेक उचलून कागदावर ठेवली. जिवंत असताना कधी मोजल्या नव्हत्या, मेल्यावर मोजल्या. त्रेचाळीस होत्या.

रविवारी मुलगी आली. पिशवी खांद्यावरच होती, चपलाही काढल्या नव्हत्या, ती सरळ टाकीसमोर जाऊन वाकली. तिचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात काचेत दिसत होता. ती त्या पाच हिरव्या छटांमधून, पानांच्या मागे, लाकडाखाली शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

"मेल्या गं," मी म्हणालो. "काल. माझ्यामुळं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिनं मान हलवली. मी वाट बघत होतो, की आता ती ओरडेल. मी तिच्या बाजूनं मनात सगळी वाक्यं तयार करून ठेवली होती आणि सगळी मला मान्य होती. तिनं फक्त एवढं विचारलं, "मॉस कुठं आहे?"

टाकलं, म्हणालो. तेव्हा तिचे डोळे भरले. पिल्लं त्यात असतात, असं ती म्हणाली. टाचणीच्या टोकाएवढी असतात, दिसत नाहीत, महिनाभर तिथून बाहेर येत नाहीत. म्हणून तर तिनं बाकी काही करू नका असं लिहिलं होतं.

मी तेवीस वर्षं भिंगातून नकाशे पाहत आलो. लावलेल्या प्रत्येक झाडाच्या पानाची कड मी त्या भिंगातून तपासली होती. टाकून दिलेल्या गुंताड्यावर ते एकदाही धरलं नव्हतं.

तेवढ्यात ही आतून आली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली काचेची बरणी होती, झाकणाला भोकं पाडलेली. आत पाणी आणि मॉसचा तो न विंचरलेला गुंताडा. गुरुवारी माझी पाठ फिरल्यावर तिनं तो केरातून उचलला होता. झाडं लावायला जागा व्हावी म्हणून मी टाकीतलं निम्मं पाणी दुसऱ्या बादलीत काढलं होतं, त्या पाण्यात ठेवला होता. तिला पिल्लांचं काहीच ठाऊक नव्हतं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मी पुन्हा टाकीन असं तिला वाटलं. आणि ते खरं होतं.

"तुझं होतं ना, म्हणून ठेवलं," ती लेकीला म्हणाली.

दोघी बरणी खिडकीत उजेडाला धरून बसल्या. मी मागे उभा होतो. एक दिसलं, मग दुसरं. काचेच्या दोऱ्याचे तुकडे असावेत तशी ती पिल्लं, त्यांना अजून नीट रंगही आला नव्हता. अकरा निघाली. अकरावं मला दिसलं नाही, पण दोघींना दिसलं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा आराखडा उलगडून पाहिला, सूची वाचली, बाणावर बोट फिरवलं. "बाबा, आधीची टाकी तुम्हाला आवडत नव्हती का?"

"आवडत होती गं. मला वाटलं, अजून चांगली दिसेल."

"कुणाला?"

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. साहेबांना, विमेवाल्यांना, वहिनींना, असं एकेक नाव घेऊन बघतो. त्यातलं कुणीही पुन्हा टाकी बघायला आलेलं नाही.

सोमवारी ती परत जायला निघाली. झाडं उपटून टाकतो, वाळू धुतो, पाणी महिनाभर मुरू देतो, मग पिल्लं तुझ्या हातानं सोड, मी हातसुद्धा लावणार नाही, असं मी रात्रीच्या जेवणापासून तीनदा सांगून झालं होतं. तिनं प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला जागा मिळाली असती, रुसवा काढायला, समजूत घालायला. ती माझ्याशी अगदी नीट वागत होती, पाहुण्यांशी वागतात तशी.

बसथांब्यापर्यंत मी तिची पिशवी घेतली. बरणी तिनं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. चढताना अडचण होईल म्हणून मी हात पुढे केला. "दे, बरणी मी धरतो. तू वर चढ."

"नको बाबा," ती म्हणाली. "मीच धरते."

तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तिनं बरणी मांडीवर घेतली, टॉवेल जरा बाजूला करून आत पाहिलं आणि पुन्हा झाकलं. बस सुटली तेव्हा मी हात हलवत होतो. तिचे दोन्ही हात बरणीभोवती होते, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.